विद्युत अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण : विषय, अर्ज आणि अर्हता

विद्युत अभियांत्रिकीची पदवी हाती येण्यास वर्ष-दीड वर्ष उरले की महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेचा क्रम बहुधा ठरलेला असतो: प्रथम देश ठरतो, मग संस्थांची यादी तयार होते, मग त्या संस्थांत प्रवेश मिळण्यास कोणती परीक्षा व किती गुण लागतात याची चौकशी होते, आणि सर्वांत शेवटी, अर्जात तसा रकाना असतो म्हणून, आपण नेमके काय शिकणार आहोत हा प्रश्न विचारला जातो. हा क्रम मला मुळातच उलटा वाटतो. विषय आधी, तो विषय ज्याच्याकडे शिकावयाचा तो अध्यापक किंवा प्रयोगशाळा नंतर, तिच्यामागून संस्था आणि अखेरीस देश, अशा क्रमाने ज्याने विचार केला त्याचा अर्ज आपोआप सुसंगत होतो. आणि ज्याने तो केला नाही त्याच्या अर्जातील प्रत्येक कागद निर्दोष असूनही ते सारे कागद मिळून एका माणसाची ओळख उभी राहत नाही. परीक्षा, मुलाखती, हेतुनिवेदन, शिफारसपत्रे, खर्च आणि मुदती या सर्व बाबींचा परामर्श पुढे घ्यावयाचा आहे, तो या दृष्टीने.

या विद्याशाखेचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीतील डार्मश्टाट येथे 1882 मध्ये विद्युत तंत्रशास्त्राचे स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले व त्यावर एरास्मुस किटलर यांची नेमणूक झाली; त्याच वर्षी, त्या वेळी बॉस्टन शहरात असलेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या पदार्थविज्ञान विभागात विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला; आणि त्याच 1882 साली पुण्याचे केशव मल्हार भट त्या संस्थेत दाखल झाले, जे तेथे शिकावयास गेलेले पहिले हिंदी विद्यार्थी होत. आपल्याकडे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 चे आणि मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था, जिला आज आपण वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखतो, ती 1887 ची. परंतु पदवीच्या पुढील अध्ययनाची खरी सोय झाली ती 1909 साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जेथील प्रारंभीच्या विभागांत विद्युत तंत्रशास्त्राचा विभाग होता. स्वातंत्र्यानंतर नलिनीरंजन सरकार समितीच्या शिफारशींस अनुसरून खरगपूर येथे 1951 मध्ये, मुंबईत पवई येथे 1958 मध्ये आणि पाठोपाठ मद्रास, कानपूर व दिल्ली येथे तंत्रज्ञान संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे या देशातील विद्यार्थ्यास उच्च अध्ययनासाठी समुद्र ओलांडण्याची अपरिहार्यता उरली नाही.

अर्ज करणारा आणि ज्या कामासाठी अर्ज करावयाचा ते काम यांची गाठ नीट पडली म्हणजे काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण क्लॉड शॅनन यांचे आहे. 1936 साली मिशिगन विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी व गणित अशा दोन विषयांत पदवी घेऊन ते बाहेर पडत असता सूचनाफलकावर लावलेले एक कार्ड त्यांच्या दृष्टीस पडले. व्हॅनिव्हार बुश यांच्या ‘डिफरन्शियल अ‍ॅनलायझर’ या अवाढव्य गणनयंत्रावर काम करण्यासाठी एमआयटीला संशोधन साहाय्यक हवा होता. यंत्र चालविण्यास अभियंता हवा आणि यंत्रास दिलेले प्रश्न समजण्यास गणिती हवा, आणि हा तरुण दोन्ही होता. त्या यंत्राच्या नियंत्रणासाठी असलेल्या रिले मंडलांकडे पाहता पाहता, पदवीच्या अभ्यासात परिचित झालेले बूल यांचे तर्कगणित त्यांस आठवले, आणि 1937 मध्ये लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की बंद-उघड होणाऱ्या स्विचांचे कोणतेही जाळे त्या तर्कगणिताने मांडता व सोडविता येते. आजच्या अंकीय मंडलांच्या आरेखनाचा पाया असलेला हा प्रबंध पदव्युत्तर पदवीसाठीचा होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आपल्या जवळचे उदाहरण पाहावयाचे तर थॉमस कैलथ यांचे घ्यावे. पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1956 साली दूरसंचार विषयात पदवी घेतलेले हे विद्यार्थी माहितीसिद्धांताच्या ओढीने एमआयटीत गेले; तेथे 1959 मध्ये पदव्युत्तर पदवी आणि 1961 मध्ये डॉक्टरेट त्यांनी मिळविली, आणि त्या संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेणारे ते पहिले भारतीय ठरले. राजेश्वरी चॅटर्जी यांची वाट याहून निराळी: सरकारी शिष्यवृत्तीवर त्या मिशिगन विद्यापीठात गेल्या, 1953 मध्ये डॉक्टरेट घेऊन त्याच वर्षी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत परतल्या आणि सूक्ष्मतरंगांच्या अध्यापन-संशोधनाची परंपरा त्यांनी तेथे रुजविली. एक परदेशी राहिले, दुसऱ्या परत आल्या. दोघांनीही विषय मात्र पक्का धरून ठेवला.

आता विषय म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण ‘विद्युत अभियांत्रिकी’ या एका नावाखाली आज जे नांदते ते एक मोठे एकत्र कुटुंब आहे. निर्मिती, पारेषण आणि वितरण यांचा विचार करणारी शक्तिप्रणाली ही त्यातील ज्येष्ठ शाखा. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर धावणारी, 500 किलोव्होल्टची आणि 1500 मेगावॉट वाहून नेणारी जी एकदिश उच्चदाब वाहिनी 1999 पासून मुंबईच्या परिसरास वीज पुरविते, तिचे नियंत्रण, तिच्या दोन्ही टोकांचे परिवर्तक, तिच्यावर दोष उद्भवल्यास आजूबाजूच्या प्रत्यावर्ती जाळ्याचे स्थैर्य, हे सारे या शाखेचे आणि तिला लागून असलेल्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे प्रश्न. त्यांच्याखेरीज यंत्रे व त्यांची चालनप्रणाली, नियंत्रणशास्त्र, संकेतप्रक्रिया, दळणवळण, विद्युतचुंबकीय क्षेत्रे व अँटेना, अर्धसंवाहक साधने आणि व्हीएलएसआय या शाखा आहेत, आणि प्रत्येकीचे गणित, प्रयोगसामग्री व नोकरीची क्षेत्रे इतकी भिन्न आहेत की एकीतील प्रवीण मनुष्य दुसरीत नवशिका ठरतो. 2021 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने अर्धसंवाहक उद्योगासाठी 76,000 कोटी रुपयांची योजना जाहीर केल्यापासून विद्यार्थ्यांचा लोंढा व्हीएलएसआयकडे वळला आहे. त्यात गैर काही नाही. मात्र सौर व पवन ऊर्जेने आपल्या पारेषण जाळ्यापुढे जे प्रश्न उभे केले आहेत ते सोडविणारी माणसेही तितकीच हवी आहेत, आणि तिकडे गर्दी कमी म्हणून बुद्धीला वाव अधिक, हे मी आग्रहाने सांगेन.

विभागांच्या नावांनी फसू नये, हेही येथेच नमूद करतो. पवईच्या संस्थेत विद्युत विभाग एकच असून दळणवळणापासून शक्तिप्रणालीपर्यंत सर्व शाखा त्याच्या छत्राखाली आहेत, परंतु नियंत्रणशास्त्राचे एक स्वतंत्र केंद्रही तेथेच आहे. बंगळूरला विद्युत, विद्युत-दळणवळण आणि इलेक्ट्रॉनिक प्रणाली असे तीन वेगळे विभाग आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी विद्युत व संगणक अभियांत्रिकी एकत्र नांदतात. म्हणून विभागाची पाटी सोडून अध्यापकांची नावे व त्यांचे गेल्या चार-पाच वर्षांतील शोधनिबंध पाहावे. आपल्याला आवडलेल्या विषयावरचे तीन निबंध घेऊन बसावे. ते पूर्ण समजणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण प्रस्तावनेत मांडलेला प्रश्न कोणता, तो कोणास पडला आणि लेखकांनी कोणती पद्धत वापरली एवढे जरी उलगडले आणि पुढचे वाचावेसे वाटले, तर तो विषय आपला समजावा. तंत्रज्ञान संस्थांच्या अध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलद्वारे विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या विद्यार्थ्यासही ही चाचणी घेता येते.

देशातील मार्ग मुख्यतः ‘गेट’ या परीक्षेतून जातो. भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या तंत्रज्ञान संस्था आळीपाळीने ही परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास घेतात. तीन तासांत 65 प्रश्न व 100 गुण, त्यांपैकी 15 गुण सामान्य क्षमतेचे; काही प्रश्न बहुपर्यायी, काहींत एकाहून अधिक पर्याय बरोबर, तर काहींत उत्तराचा आकडा स्वतः भरावयाचा. बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुणाच्या प्रश्नास एक तृतीयांश व दोन गुणांच्या प्रश्नास दोन तृतीयांश गुण वजा होतात, अन्य दोन प्रकारांत वजावट नाही. निकालाची मुदत तीन वर्षांची. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दळणवळण या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असून कोणती द्यावी हा निर्णय विषयनिवडीचाच भाग आहे, कारण शक्तिप्रणालीच्या जागा पहिलीतून आणि दळणवळणाच्या जागा बव्हंशी दुसरीतून भरल्या जातात. या परीक्षेच्या तयारीने पदवीचा विस्कळीत अभ्यास एकदा सलग नजरेखालून जातो, हा तिचा मोठाच लाभ मानला पाहिजे.

परंतु संशोधनप्रधान अभ्यासक्रमांसाठी, म्हणजे बंगळूरची संशोधनात्मक एम.टेक., मद्रासची एम.एस. किंवा कोठलीही पीएच.डी. यांसाठी, गेटचा निकाल हे केवळ मुलाखतीचे बोलावणे होय, आणि मुलाखतीत जी परीक्षा होते ती निराळ्याच जातीची असते. फरक जवळून पाहू. चार ध्रुवांची त्रिकला प्रेरण मोटर 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर 4 टक्के घसरीने फिरत असेल तर तिचा वेग किती, असा प्रश्न परीक्षेत आला तर समकालिक वेग 1500, त्यातून चार टक्के वजा, म्हणून 1440 फेरे प्रतिमिनिट, असे उत्तर अर्ध्या मिनिटात भरता येते. मुलाखतीतील प्राध्यापक तीच मोटर समोर ठेवतात आणि विचारतात की ती चालू असतानाच तीनपैकी एका कलेची तार तुटली तर काय होईल. मोटर थांबेल असे पुष्कळ विद्यार्थी चटकन म्हणतात. वस्तुतः भार बेताचा असेल तर ती फिरत राहते, मात्र गुणगुणते, उरलेल्या तारांतील प्रवाह वाढतो आणि वेष्टन तापते. पण एकदा थांबवून पुन्हा सुरू करू गेल्यास ती जागची हलत नाही. असे का, हा खरा प्रश्न. एका कलेचे स्पंदणारे क्षेत्र म्हणजे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी दोन समान क्षेत्रे, स्थिर अवस्थेत त्यांचे परिबल एकमेकांस छेद देते आणि फिरत्या अवस्थेत एकाचे वर्चस्व होते, इतके जो स्वतःच्या शब्दांत, फळ्यावर वक्र काढून, अडखळत का होईना पण तर्काने सांगतो, त्याचा गेटमधील अनुक्रमांक शंभराने मागे असला तरी त्याची निवड होण्याचा संभव अधिक. ठाऊक नसेल तेथे ठाऊक नाही असे सांगून, मग जे ठाऊक आहे तेथून पाऊल पुढे टाकण्याची सवय ज्यास आहे त्यास मुलाखतीचे भय वाटण्याचे कारण नाही.

प्रवेशाची यांत्रिक बाजू थोडक्यात अशी. तंत्रज्ञान संस्थांना वेगवेगळे अर्ज करावे लागतात, पण त्यांची निमंत्रणे ‘कोआप’ या एकाच संकेतस्थळावर येतात व तेथे स्वीकारून थांबणे, राखून वाट पाहणे किंवा नाकारून वाट पाहणे असे तीन पर्याय असतात. एनआयटींसाठी ‘सीसीएमटी’ ही सामाईक फेरी असते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक. करणाऱ्यास दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास 2023 पासून पहिली दोन वर्षे 37,000 व पुढे 42,000 रुपये. पवईला अध्यापन साहाय्यकाची दोन वर्षांची आणि संशोधन साहाय्यकाची तीन वर्षांची अशा दोन प्रकारच्या एम.टेक. आहेत, दुसऱ्या प्रकाराकडे विद्यार्थी एक वर्ष अधिक जाते म्हणून पाठ फिरवितात, परंतु ज्यास प्रयोगशाळेत हात घालावयाचा आहे त्याने त्या वर्षाकडे तोटा म्हणून पाहू नये.

परदेशांत अमेरिकेची वाट सर्वांत रुळलेली, आणि तेथेच एक भेद आरंभी ध्यानात घेतला पाहिजे. तेथील एम.एस. बहुतांशी स्वखर्चाची असते, तर पीएच.डी.ला शिक्षणशुल्क माफ होऊन अध्यापन वा संशोधन साहाय्यकाचा तनखा मिळतो, आणि चार वर्षांची पदवी घेतलेला विद्यार्थी सरळ पीएच.डी.साठी अर्ज करू शकतो. ज्याची संशोधनाची ओढ खरी आहे अशा गरीब घरच्या विद्यार्थ्याने केवळ खर्चाच्या धास्तीने हा अर्ज टाळावा, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते, कारण त्याच्यासाठी हीच वाट कमी खर्चाची आहे. जीआरई ही परीक्षा साथीच्या काळापासून अनेक विभागांनी ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. सप्टेंबर 2023 पासून ती दोन तासांहून कमी वेळाची झाली असून तिचा निकाल पाच वर्षे चालतो. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस, ज्यांची मुदत दोन वर्षांची. अर्जांची अखेरची तारीख बहुधा डिसेंबरच्या प्रारंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत येते.

या अर्जाचा प्राण म्हणजे हेतुनिवेदन, विद्यार्थ्यांच्या भाषेत एसओपी. ते वाचणारे प्राध्यापक शेकडो अर्जांतून आपल्या प्रयोगशाळेस उपयुक्त असा एखादा विद्यार्थी शोधीत असतात. आता अशी दोन निवेदने कल्पावीत. पहिल्यात लिहिले आहे की लहानपणापासून मला विजेचे आकर्षण होते, आपले विद्यापीठ जगविख्यात आहे आणि तेथे शिकून देशाची सेवा करण्याची माझी आकांक्षा आहे. दुसऱ्यात लिहिले आहे की आमच्या प्रयोगशाळेत तीन अश्वशक्तीच्या मोटरसाठी आम्ही एक इन्व्हर्टर बांधला, त्याच्या प्रवाहात पाचवा व सातवा प्रसंवादी अपेक्षेहून अधिक आढळला, पुस्तकातील गणिताप्रमाणे तो तसा असावयास नको होता, शोध घेता दोन स्विचांच्या मध्ये ठेवलेला मृतकाल त्याचे कारण निघाले, आम्ही त्याची भरपाई करणारी एक साधी रीत बसविली, ती मोठ्या वेगाला चालली पण अल्प वेगाला, जेथे प्रवाहाची दिशा ओळखणेच कठीण होते, तेथे फसली, आणि तो न सुटलेला प्रश्न मला पुढे अभ्यासावयाचा आहे. दुसऱ्या लेखकाचे इंग्रजी कच्चे असले तरी त्याच्यापाशी प्रश्न आहे, आणि अपयश कोठे आले ते त्यास नेमके ठाऊक आहे. वाचणारा प्राध्यापक या दोन्ही गोष्टी ताबडतोब ओळखतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांना माझा सल्ला असा की, निवेदनाचा पहिला खर्डा मराठीतच लिहावा. काय केले, का केले, काय जमले नाही, हे स्वतःच्या भाषेत स्वच्छ उतरले की इंग्रजी मसुदा करण्यास चार दिवस पुरतात, आणि पैसे घेऊन निवेदने लिहून देणाऱ्या सल्लागारांच्या दारी जाण्याची गरज राहत नाही.

शिफारसपत्रांच्या बाबतीत आपल्या महाविद्यालयांत जो रिवाज पडला आहे त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे मी कर्तव्य समजतो. विद्यार्थ्याने स्वतःच पत्र लिहून आणावे आणि अध्यापकांनी त्याखाली सही करावी, हा प्रकार इतका सर्रास आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. आणि परिणाम असा की एकाच वर्गातील वीस विद्यार्थ्यांची पत्रे ‘मेहनती’, ‘हुशार’ आणि ‘मनमिळाऊ’ या तीन विशेषणांवर उभी असतात. हे सचोटीस सोडून आहे, आणि व्यवहारदृष्ट्याही घातक आहे, कारण पत्र वाचणाऱ्यास तुलना हवी असते: या विद्यार्थ्याला मी किती काळ व कोणत्या नात्याने ओळखतो, माझ्या पाहण्यातील अन्य विद्यार्थ्यांत याचे स्थान कोठे, एखादा प्रसंग असा सांगा की ज्यात याने स्वतःच्या बुद्धीने काही केले. हे केवळ अध्यापकच लिहू शकतो. अध्यापकांवर कामाचा भार फार आहे, हे मी जाणतो. म्हणून विद्यार्थ्याने निदान दोन महिने आधी भेटून प्रकल्पाचा अहवाल, गुणपत्रके, निवेदनाचा खर्डा आणि अंतिम तारखांचा तक्ता सरांच्या किंवा मॅडमच्या हाती द्यावा, आणि त्यांनी एक घटका बसून स्वतःचे चार परिच्छेद लिहावेत. विभागप्रमुखाच्या कोऱ्या कौतुकापेक्षा ज्या तरुण अध्यापिकेने वर्षभर प्रकल्प पाहिला तिचे पत्र अधिक वजनदार ठरते.

कागदपत्रांत महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला एक खास अडचण येते, ती नावाची. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि कित्येकदा आईचेही, असा क्रम असतो. पारपत्रावर तो निराळा असतो. आणि परीक्षेची नोंदणी करताना घाईत तिसराच क्रम लिहिला जातो. परीक्षाकेंद्रावर नाव पारपत्राशी तंतोतंत जुळावे लागते, म्हणून सर्व नोंदण्या पारपत्राप्रमाणेच कराव्यात. विद्यापीठाच्या दफ्तरातून ट्रान्सक्रिप्ट मिळण्यास आठवडे लागू शकतात, तेव्हा तो अर्ज सातव्या सत्राच्या आरंभीच द्यावा. एखादा विषय राहून एटीकेटी लागली असेल तर त्यामुळे सर्व दारे बंद झाली असे समजू नये; पुढील सत्रांचा आलेख चढता असेल तर निवड समित्या तोही पाहतात.

जर्मनीकडे ओढा वाढला आहे तो मुख्यतः सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते या कारणाने, आणि ते आजही बहुतांशी खरे आहे. तथापि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांस सत्रास 1500 युरो पडतात आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांवर शुल्क बसविले आहे. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय अर्जदारास एपीएसचा पडताळणी-दाखला लागतो, आणि व्हिसासाठी वर्षाचा निर्वाहखर्च, 2024 पासून 11,904 युरो, गोठविलेल्या खात्यात दाखवावा लागतो. गुणांचे रूपांतर तेथे एका ठरीव सूत्राने होते: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावे, त्यास कमाल व उत्तीर्णतेच्या गुणांतील फरकाने भागावे, आलेल्या संख्येस तीनाने गुणून एक मिळवावा. दहापैकी आठ सीजीपीए असून उत्तीर्णता चारला असेल तर दोन भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक, म्हणजे 2.0 ही जर्मन श्रेणी येते. तेथे 1 सर्वोत्तम आणि 4 ही उत्तीर्णतेची सीमा. पदवीतील विषयांची तेथील अभ्यासक्रमाशी ताडणी फार काटेकोर होते, म्हणून पाठ्यक्रमाचा सविस्तर तपशील विद्यापीठाच्या शिक्क्यासह जवळ ठेवावा. कॅनडात प्रबंधासहित एम.ए.एस्सी. आणि केवळ अध्ययनाधारित एम.इंजी. हा भेद पाहावा. पहिलीस सामान्यतः अर्थसाहाय्य असते, दुसरीस नसते.

खर्चाची तजवीज हा भाग कुटुंबाच्या निद्रेशी निगडित असल्यामुळे त्याचा हिशेब कागदावर मांडूनच करावा. जमशेटजी टाटा यांनी 1892 मध्ये स्थापन केलेल्या निधीतून आजही परदेशी जाणाऱ्यांस कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते; अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. या शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती तालुक्याच्या गावी वेळेवर पोहोचत नाहीत. महाविद्यालयांनी त्या फलकावर लावाव्यात. बँकेचे कर्ज घेताना घर किंवा शेत तारण जाते, तेव्हा ‘नोकरी लागेल व फिटेल’ एवढ्यावर भिस्त ठेवू नये. अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने आणि अभियांत्रिकीसाठी आणखी चोवीस महिने काम करण्याची मुभा आज आहे, परंतु ती त्या सरकारच्या नियमांवर अवलंबून आहे आणि नियम बदलतात. मुभा मिळाली नाही व येथे येऊन येथील पगारावर हप्ते फेडावे लागले तर निभेल काय, याचे उत्तर आईवडिलांसमोर बसून आधी शोधावे.

निमंत्रणे हाती आल्यावर घाई होते, ती टाळता येते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अर्थसाहाय्यासह आलेल्या निमंत्रणाचे उत्तर 15 एप्रिलपूर्वी देण्याचे बंधन नसते. अर्थसाहाय्याविना आलेल्या प्रवेशास मात्र हा ठराव लागू नाही. मधल्या काळात भावी मार्गदर्शकाच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना पत्र लिहून तेथे काम कसे चालते, विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात, हे अवश्य विचारावे. बहुतेक जण मोकळेपणाने उत्तर देतात.

शेवटी त्या अर्जदारांविषयी लिहिले पाहिजे ज्यांची आठवण अशा लेखांत क्वचितच होते: महापारेषण वा महावितरणच्या उपकेंद्रांत, कारखान्यांत किंवा सैन्यदलांत सात-आठ वर्षे काम करून ज्यांना पुन्हा शिकावेसे वाटते ते अभियंते. आपले गणित गंजले, वय झाले, असे त्यांस वाटते. आरोग्यस्वामी पॉलराज हे नौदलाचे अधिकारी होते. नौदलाने त्यांस दिल्लीच्या तंत्रज्ञान संस्थेत पाठविले, तेथे 1973 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली, परत येऊन नौदलासाठी सोनार यंत्रणा उभी केली, आणि नंतर स्टॅनफर्डला, एकाहून अधिक अँटेना एकाच वेळी वापरून बिनतारी वाहिनीची क्षमता वाढविण्याची जी कल्पना त्यांनी मांडली ती आज प्रत्येक मोबाईलमध्ये नांदते आहे. सेवेतील अभियंत्यांसाठी तंत्रज्ञान संस्थांत पुरस्कृत उमेदवारांच्या जागा असतात, त्यांस नियोक्त्याचे ना-हरकत पत्र व रजेची मंजुरी लागते, आणि काही ठिकाणी गेटऐवजी लेखी चाचणी व मुलाखत पुरते. ज्याने रोहित्राचे तेल स्वतः तपासले आहे, संरक्षक रिले चुकीच्या वेळी का उघडला याचा रात्री दोन वाजता शोध घेतला आहे, त्याच्या नोंदवहीत संशोधनाचे विषय आयते पडलेले असतात; त्यांतील एक निवडून, त्या विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापकास चालू वर्षाची प्रवेशसूचना निघण्यापूर्वीच दोन पानी टिपण पाठविले, तर तो अर्ज नुकत्याच पदवीधर झालेल्याच्या अर्जापेक्षा पुष्कळ पुढे असतो.